लाशोन हारा
लाशोन हारा : ज्यू धर्मशास्त्रातील निंदेविषयीची संज्ञा. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘वाईट जीभ’. कोणाची अब्रू जाईल किंवा त्याचे नुकसान होईल असे बोलणे म्हणजे लाशोन हारा, मग ते बोलणे खरे का असेना. ‘खरे तेच सांगितले’ ही सबब येथे चालत नाही, आणि या शिकवणीचे सारे बळ त्यातच आहे. खोटी बदनामी हा याहून मोठा अपराध. त्याला ‘मोत्सी शेम रा’ म्हणतात. इकडचे तिकडे सांगून लावालावी करणे म्हणजे ‘रखिलूत’. हे भेद ज्यू तत्त्वज्ञ व धर्मशास्त्री मायमॉनिडीझने 12व्या शतकात आपल्या विधिसंहितेत मांडले.

मूळ आज्ञा बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात (19:16) आहे : आपल्या लोकांत चहाड्या करीत फिरू नको. तेथील ‘रखील’ हा शब्द ज्यू भाष्यकार फेरीवाल्याशी जोडतात. माल दारोदार न्यावा तशा हा इतरांच्या गोष्टी नेतो. त्याच वचनाच्या उत्तरार्धात शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहण्यास मनाई आहे. म्हणून भागीदारी किंवा लग्न ठरवणाऱ्याला खऱ्या धोक्याची सूचना देणे निंदेत मोडत नाही. मात्र माहितीची खात्री असावी, तिखटमीठ लावू नये आणि हेतू रक्षणाचाच असावा.

जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या 12व्या अध्यायातील, मोशेची बहीण मिर्याम हिची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. मोशेच्या पत्नीवरून ती त्याच्याविरुद्ध बोलली, तिला कोड फुटले आणि ती सात दिवस छावणीबाहेर राहिली. तोवर लोकांनी मुक्काम हलवला नाही. तालमूद हा ज्यू धर्मविधींचा व चर्चांचा ग्रंथ म्हणतो, निंदा तिघांना मारते : बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो. ऐकणाऱ्यालाही दोषी धरणे मोलाचे आहे. कान देणारा नसेल तर चहाडी जागीच विरते. एखाद्याच्या वैऱ्यांपुढे त्याची स्तुती करणेही टाळावे, कारण ते लगेच त्याचे दोष काढू लागतात. याला निंदेची ‘धूळ’ म्हणतात.

राब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्राएल मेइर कागान (1838–1933) यांनी 1873 मध्ये हे सर्व नियम ‘हाफेत्स हायिम’ या ग्रंथात एकत्र आणले. ‘ज्याला जीवन हवे’ असा अर्थ असलेले हे नाव बायबलमधील स्तोत्र 34 मधून घेतलेले आहे. जीवन हवे असेल तर जीभ आवर, हे त्याच स्तोत्रातील वचन ख्रिस्ती बायबलच्या नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:10) पुन्हा येते.

ख्रिस्ती शास्त्रात असे तपशीलवार नियम नाहीत. तेथे भर अंतःकरणावर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात येशू प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल असे बजावतो. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेला लगाम, सुकाणू आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीच्या उपमा देतो, आणि ज्या तोंडाने देवाची स्तुती त्याच तोंडाने माणसाला शाप कसा, असे विचारतो. अपराध्याला आधी एकांतात भेटून दोष दाखवावा, ही मत्तय 18:15 मधील सूचना मात्र अगदी व्यवहाराची आहे. कॅथलिक शिकवणीत कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष उघड करणे हेही पापच असून, क्षमा मिळाली तरी त्याच्या गेलेल्या नावाची भरपाई करण्याचे कर्तव्य सुटत नाही.