बसच्या शेवटच्या थांब्यापुढची वाट : पुण्याभोवतीच्या पायी भटकंतीची पार्श्वभूमी

पुण्यात डोंगरावर जायचे ठरले की गडाच्या इतिहासाआधी विचारले जाते ते गाडीचे वेळापत्रक. पहिली गाडी किती वाजता, परतीची शेवटची कधी, ती पायथ्यापर्यंत जाते की फाट्यावरच सोडते? हे प्रश्न रास्तच आहेत. शहराजवळच्या ज्या वाटा आज रुळलेल्या आहेत, त्या कुठून सुरू व्हाव्यात हे बऱ्याच अंशी बसच्या शेवटच्या थांब्यांनी ठरवले. आणि ते थांबे जिथे आहेत तिथे का आले, याचा माग काढला तर अनेकदा पाण्यापाशी येऊन पोचतो.

सिंहगडाचेच घ्या. इंग्रजी अमलात गडावर उन्हाळ्यासाठी बंगले झाले, लोकमान्य टिळकही तिथे मुक्कामाला असत. त्यांचा बंगला आजही उभा आहे. पण तेव्हा गडावर जाणे ही सामान्य पुणेकराची रविवारची गोष्ट नव्हती. मुठेवरचे खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले आणि शहराचे पाणी त्या दिशेने बांधले गेले. धरणाकडच्या याच रस्त्याने पुढे शहर नैर्ऋत्येला पसरले आणि बसही याच रस्त्याने खडकवासल्यापर्यंत, तिथून डोणजे फाट्यावरून आतकरवाडीपर्यंत गेली. 'पन्नास नंबर'ची बस म्हटले की जुन्या पुणेकराला आजही सिंहगड पायथाच आठवतो.

शहरातली बससेवा महानगरपालिकेने हाती घेतली ती 1950 मध्ये, पीएमटी या नावाने. 2007 मध्ये पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी तिच्यात मिळाली आणि पीएमपीएमएल, म्हणजे आजची पीएमपी, झाली. पीएमटीच्या थोडे आधी, 1 जून 1948 ला, पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली होती. या दोन सेवांची वाटणी भटकणाऱ्याने नीट समजून घ्यावी. पीएमपी शहर आणि त्याच्या कडेची गावे सांभाळते, त्यापलीकडे वेल्हे, भोर, गुंजवणे अशी लांबची गावे एसटीची. एसटीने या गावांना दिलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शहरातून निघालेली गाडी गावात रात्र काढते आणि पहाटे तीच परत फिरते. गावकऱ्यांना सकाळी दूध, भाजी आणि शाळा-कॉलेज गाठता यावे म्हणून ही व्यवस्था. राजगड-तोरण्याच्या पिढ्यान्पिढ्यांच्या भटक्यांनी तिचाच आधार घेतला: मुक्कामी गाडीने जायचे, देवळात पथारी टाकायची, उजाडता चढायला लागायचे. गाडी रद्द झाली की हा सारा बेत कोलमडतो. म्हणून अशा गावाला निघताना आदल्या दिवशी डेपोत विचारून घ्यावे. थांब्यावर लावलेला तक्ता कितीदा तरी जुना असतो.

शहराच्या आतल्या टेकड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या मते ती पुरेशी सांगितली जात नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यांच्यासाठी ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी गोखलेनगर वेताळ टेकडीच्या अंगाला आहे, तर सहकारनगर तळजाई टेकडीच्या पायथ्याशी. पूरग्रस्तांना पुन्हा नदीकाठी वसवायचे नव्हते, उंच जागा हव्या होत्या. वसाहती झाल्या तशा त्यांना बसही आल्या. थांब्यावर उतरून दहा-पंधरा मिनिटांत टेकडीवर पाय ठेवता येतो, ही आज सहज वाटणारी सोय त्या पुराच्या पुनर्वसनातून आली आहे.

वेताळ टेकडी सुमारे 800 मीटर उंच, शहरातली सर्वांत उंच जागा. तिच्यावर जायला गोखलेनगर, चतुःशृंगी, पाषाण, विधी महाविद्यालय, कोथरूड अशा सर्व बाजूंनी वाटा आहेत. म्हणून एका थांब्याकडून टेकडी चढून दुसऱ्याकडे उतरावे, त्यातच खरी मजा आहे. माथ्यावर वेताळाचे देऊळ आणि जवळच जुनी दगडाची खाण आहे. खाणीत पावसाचे पाणी साठते. तिथे पोहायला उतरू नये, काठ सरळ तुटलेले आहेत आणि तळाचा अंदाज येत नाही. झाडांकडेही पाहावे. वन खात्याने लावलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेले झाड) सगळीकडे दाट माजला आहे. हिरवे दिसते खरे, पण त्याखाली इथले मूळचे गवताळ माळ आणि काटेरी झुडपे दबली. टेकडी 'हिरवी करायची' या हौसेत गवत म्हणजे ओसाडपणा हा समज फार नुकसान करून गेला. टेकड्या वाचवण्याची चळवळ मात्र त्यामुळे कमी मोलाची ठरत नाही: 1997 मध्ये शहरात आलेल्या 23 गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांच्या 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचवले गेले, ते नागरिकांनी लावून धरले म्हणून.

आता शहराच्या दक्षिणेची मोठी वाट, कात्रज ते सिंहगड. भुलेश्वर रांगेचा हा तुकडा एका बाजूला मुठेचे आणि दुसऱ्या बाजूला शिवगंगेचे खोरे ठेवून पश्चिमेला जातो. शाहिस्तेखानावरच्या 1663 च्या छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकवल्याची कथा या भागात अजून सांगतात. कात्रजचे तलाव आणि शहरात पाणी आणणारे दगडी नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, 1749 च्या सुमाराचे. घाटातून साताऱ्याचा रस्ता आणि जुना बोगदा झाला तेव्हा रांगेच्या माथ्याजवळ बस पोचू लागली, आणि तिथेच या वाटेचे गणित जमले.

चाल कात्रजहून सिंहगडाकडेच करतात, उलटी नाही, त्याला कारण आहे. घाटाची चढण बस चढते, तुम्ही रांगेच्या उंचीवरच उतरता. वाघजाईच्या देवळाकडून वर लागले की लहानमोठ्या तेराएक टेकड्या ओलांडत सुमारे 16 किलोमीटरनंतर रांग सिंहगडाच्या घाटरस्त्याला मिळते. तिथून गडावर जाऊन आतकरवाडीला उतरले की शहराची बस मिळते. सहा ते आठ तास धरावेत.

नवा बोगदा झाल्यापासून साताऱ्याकडच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या त्यातूनच जातात. म्हणून स्वारगेटला चढण्याआधी 'जुन्या घाटाने जाणार का?' हे वाहकाला विचारणे सक्तीचे समजा. नाहीतर रांगेखालून जाऊन पलीकडच्या खोऱ्यात उतराल. वाटेत भरवशाचे पाणी नाही, माणशी तीन ते चार लिटर न्यावे. डिसेंबरनंतर गवत वाळते आणि उतरणीवर मुरमाचा घसारा होतो. चढताना कुणी पडत नाही, दर टेकडीच्या पश्चिम उतारावर पडतात, कारण पाय टाचेवर येतो आणि खालची खडी सरकते. तिरके, छोटी पावले टाकत उतरावे. पावसाळ्यात धोका धुक्याचा. मुख्य धार सोडून एखादी सोंड धरली की पायाखाली वाट मळलेली दिसते, गुरांची असते, आणि ती दक्षिणेला शिवगंगेच्या खोऱ्यात नेते. असे झाले तर अंधारात परत वर चढू नये. खाली गाव गाठून सातारा रस्त्यावर यावे, तिथे एसटी मिळते.

सिंहगडाचा पायी चढ आतकरवाडीहून सुमारे 600 मीटरचा आहे. चालणाऱ्याला तास-सव्वा तास, नवख्याला दीड-दोन. वाट पुणे दरवाजातून आत जाते. गाडीरस्ता थेट गडावर गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी घाटात रांगा लागतात आणि पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंदही पडतो. त्यावर उपाय म्हणून मे 2022 मध्ये खासगी गाड्या खालीच थांबवून ई-बस वर सोडल्या. घाटातली अरुंद वळणे, चार्जिंगची अडचण आणि गर्दीला न पुरणाऱ्या गाड्या यांमुळे ती सेवा त्याच महिन्यात बंद झाली. विचार चुकीचा नव्हता. शनिवार-रविवारच्या गर्दीचा हिशेब आधी करून गाड्या आणायला हव्या होत्या.

पायथ्याच्या बसने येणाऱ्यांवर मात्र गडावरची किती तरी घरे चालतात. मडक्यातले दही, पिठले-भाकरी, कांदाभजी विकणाऱ्या मावश्या आसपासच्या वाड्यांमधल्या. त्यांतल्या अनेक जणी दह्याची मडकी डोक्यावर घेऊन रोज पायवाटेनेच वर येत.

2021 च्या एसटी संपात पीएमपीने लांबच्या गावांना गाड्या सुरू केल्या होत्या. संप मिटल्यावर त्यांपैकी काही मार्ग पुन्हा बंद झाले. तेव्हा जुन्या आठवणीवर बस धरायला जाऊ नये. स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारून घ्यावी आणि तिच्या किमान तासभर आधी खालच्या थांब्यावर यावे, कारण रविवारी संध्याकाळी ती गाडी पायथ्यालाच भरते आणि पुढच्या थांब्यांवर थांबत नाही.