हेल्म्सडेलच्या पुतळ्यामागचा इतिहास

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हेल्म्सडेल गावात २००७ पासून ब्राँझमधलं एक कुटुंब उभं आहे. बाप पुढे पाहतोय, मुलगा बापाच्या तोंडाकडे आणि तान्ह्या बाळाला कवटाळलेली आई मान वळवून मागे, किल्डोननच्या खोऱ्याकडे. जेराल्ड लँग यांचं हे शिल्प म्हणजे एकोणिसाव्या शतकात देशोधडीला लागलेल्या हायलँडरांचं, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचं स्मारक.

हे खोरं सदरलँड जहागिरीतलं. गुरं राखणाऱ्या, ओट-बटाटा पिकवणाऱ्या शेकडो कुळांपेक्षा चेव्हियट मेंढ्यांचे कळप पाळणारा एकटा मक्तेदार जास्त खंड देई. हिशेब एवढाच होता. म्हणून कुळांना उठवून जमीन मेंढ्यांना द्यायचं ठरलं. १८१३ मध्ये किल्डोननची कुळं आडवी आली, तेव्हा लष्कर बोलावलं गेलं. पुढच्या वर्षी शेजारच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात उठवलेल्या कुळांच्या छपरांची लाकडं जाळली. त्या उजाड मुलखात लाकूड दुर्मीळ. वासे जळाले म्हणजे दुसरीकडे घर उभारायची आशाही संपली. त्याबद्दल कारभारी पॅट्रिक सेलरवर १८१६ मध्ये खटला चालला. तो निर्दोष सुटला.

उठवलेल्यांना किनाऱ्यालगत जमिनीचे तुकडे देऊन मासेमारी करायला सांगितलं गेलं. हेल्म्सडेल त्यातूनच वाढलं. काहींनी मात्र समुद्र ओलांडायचं ठरवलं. लॉर्ड सेलकर्क कॅनडात रेड नदीकाठी वसाहत वसवत होते. १८१३ च्या जूनमध्ये किल्डोननची माणसं स्ट्रॉमनेस बंदरातून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ जहाजावर चढली. वाटेत टायफसने माणसं दगावली. कप्तानाने ठरलेल्या यॉर्क फॅक्टरी या व्यापारी ठाण्याऐवजी त्यांना चर्चिल या ठिकाणी उतरवलं. हडसन उपसागराचा हिवाळा त्यांनी ओंडक्यांच्या झोपड्यांत काढला. एप्रिलमध्ये तरणी माणसं पायांना बर्फातले जोडे बांधून दोनशेहून जास्त किलोमीटर चालत यॉर्क फॅक्टरीला पोचली. सोबत बॅगपाइप वाजवणाराही होता. रेड नदीकाठी सॉल्टो या मूळनिवासी जमातीचा प्रमुख पेग्विस याच्या लोकांनी त्यांना मदतीचा हात दिला. घरातून हुसकलेली ही माणसं दुसऱ्यांच्या भूमीवर वसली, हेही सांगायलाच हवं. त्याच नदीकाठच्या विनिपेग शहरात किल्डोनन हे नाव आजही आहे आणि हेल्म्सडेलच्या पुतळ्याची प्रतिकृतीही.

कुळांना जमिनीवर कायम हक्क देणारा कायदा झाला तो १८८६ मध्ये.

जहागीरदाराचा पुतळा मात्र १८३० च्या दशकातच गोल्स्पी गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर चढला. तो पाडावा, अशी मागणी अधूनमधून होते. माझ्या मते तो राहू द्यावा, पण त्याच्या पायथ्याशी उठवलेल्या प्रत्येक वाडीचं नाव कोरावं.