दुग्धवसा आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

दूध, साय, लोणी, तूप, चीज इ. पदार्थांतील वसाम्लांचा (वसेच्या, म्हणजे स्निग्धांशाच्या घटक आम्लांचा) रक्तातील कोलेस्टेरॉलच्या पातळीवर व पर्यायाने हृद्‌रोहिणींवर होणारा परिणाम. गाईच्या दुधात सु. ४%, तर म्हशीच्या दुधात सु. ६ ते ८% वसा असते.

दुग्धवसेत सु. ४०० वसाम्ले आढळली असली, तरी वजनाने भर मोजक्यांचाच असतो : पामिटिक सु. २५–३०%, ओलेइक २०–२५%, मिरिस्टिक व स्टिअरिक प्रत्येकी सु. १०%. एकूण वसाम्लांपैकी सु. दोन तृतीयांश संपृक्त (कार्बन-साखळीत दुहेरी बंध नसलेली) असतात. ब्युटिरिक आम्ल जेमतेम ३–४%. पण खवट लोण्याचा वास त्याचाच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी ते लोण्यातून मिळवले. या शोधाचे वर्ष १८१४ पासून १८२३ पर्यंत निरनिराळे दिले जाते. सविस्तर वर्णन १८२३ च्या त्यांच्या ग्रंथात असल्याने तेच वर्ष धरणे सोयीचे. वसाम्लांचे प्रमाण चाऱ्यावरही अवलंबून असते. सरकी भरपूर खाणाऱ्या जनावरांच्या तुपात आखूड साखळीची आम्ले घटतात व स्टिअरिक आम्ल वाढते. त्यामुळे कपाशीच्या पट्ट्यातील शुद्ध तूपही नेहमीच्या कसोटीवर भेसळीचे वाटू शकते.

लॉरिक, मिरिस्टिक व पामिटिक आम्लांमुळे यकृतातील एलडीएल-ग्राहींचे (रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल उचलणाऱ्या रेणूंचे) कार्य मंदावते, रक्तातील एलडीएल कमी वेगाने उचलले जाते आणि त्याची पातळी चढते. एचडीएलही (‘चांगले’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल) काहीसे वाढते. आखूड साखळीची (ब्युटिरिकसारखी) आम्ले मात्र प्रतिहारी शिरेतून (आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या) थेट यकृतात जातात. अमेरिकेत कीज व हेगस्टेड यांनी १९६५ मध्ये आहारातील वसेवरून रक्तातील कोलेस्टेरॉल किती बदलेल याची सूत्रे स्वतंत्रपणे मांडली. कीज यांनी लॉरिक, मिरिस्टिक व पामिटिक ही तिन्ही आम्ले एकाच मापाने मोजली. हेगस्टेड यांनी मिरिस्टिक आम्ल सर्वांत प्रभावी ठरवले. आम्लागणिक परिणाम बदलतो, हा हेगस्टेड यांचा मुद्दा अधिक ग्राह्य वाटतो. स्टिअरिक आम्ल जवळजवळ निष्प्रभ असल्याबाबत मात्र दोघांत मतभेद नाही. लोण्याऐवजी करडई किंवा सूर्यफुलाचे तेल वापरल्यास एलडीएल उतरते, हेही पक्के झाले आहे.

तीच वसा वेगळ्या पदार्थातून घेतली तर परिणाम वेगळा होतो, आणि केवळ ‘स्निग्धांश’ पाहून पदार्थ बरा-वाईट ठरवणे त्यामुळेच चुकीचे आहे. दुधातील वसागोलकांभोवती फॉस्फोलिपिडे (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ) व प्रथिने यांचे पातळ पटल असते. विरजलेली साय रवीने घुसळताना ते फाटते, लोण्याचा गोळा वर येतो आणि पटलाचा बराचसा अंश ताकात उतरतो. स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जादा वजनाच्या प्रौढांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुग्धवसा दिली : एका गटाला पटलासह क्रीममधून, दुसऱ्याला पटलविरहित लोणी-तेलातून. एलडीएल फक्त लोणी-तेलाच्या गटात वाढले. चीजही तितक्याच वसेच्या लोण्याहून सौम्य ठरते. त्यात कॅल्शियमचाही वाटा असावा.

साजूक तुपाचा वाद निराळा आहे. जेकबसन यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतीय तुपातील स्टेरॉलांपैकी (कोलेस्टेरॉल व तत्सम पदार्थांपैकी) सु. १२% कोलेस्टेरॉल-ऑक्साइडे (कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारी संयुगे) असल्याचे नोंदवले. ताज्या लोण्यात ती आढळली नव्हती. परदेशी स्थायिक भारतीयांतील वाढत्या हृद्रोगाचे हे कारण असू शकेल, असा त्यांचा तर्क होता. ही ऑक्साइडे तापवण्याच्या पद्धतीनुसार पुष्कळ कमीजास्त होतात. बेरी सोनेरी होताच उतरवलेले तूप आणि पुन्हापुन्हा तळणीला वापरलेले तूप यांना एकाच रांगेत बसवता येत नाही; शिवाय हृद्रोगाचे खापर एका पदार्थावर फोडण्यास तेवढा पुरावा अपुरा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगांत तुपाने उंदरांचे कोलेस्टेरॉल घटले, पण तो निष्कर्ष माणसाला तसाच लावू नये.

दुग्धवसेत थोडी ट्रान्स-वसाही (रेणूची रचना वेगळी असलेली असंपृक्त वसा) असते, मुख्यतः १९२८ मध्ये शोधले गेलेले व्हॅक्सेनिक आम्ल. ते गुरांच्या पोटातील जीवाणूंमुळे बनते. अंशतः हायड्रोजनीकृत तेलांपासून केलेल्या वनस्पती तुपातील ट्रान्स-वसा वेगळ्या मिश्रणाची असते आणि आहारात कितीतरी अधिक प्रमाणात येत असे. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील औद्योगिक ट्रान्स-वसेवर २% ची मर्यादा आहे.