खारट आमटीतला बटाटा

आमटी खारट झाली की कणकेचा गोळा किंवा बटाट्याच्या फोडी टाका, त्या मीठ ओढून घेतात, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तसं होत नाही. बटाटा मीठ वेगळं काढत नाही, तो खारं पाणीच शोषतो. फोडी काढल्या की उरलेली आमटी तेवढीच खारट, फक्त भांड्यात थोडी कमी उरलेली.

उपाय प्रमाणाचा आहे. ४ वाट्या आमटीत १ वाटी बिनमिठाचं घोटलेलं वरण घाला, खारटपणा पाचव्या हिश्शाने उतरतो. मग चाखा. तिखट-आंबटही फिकं पडलेलं असणार. गुळाचा खडा, एखादं आमसूल, वरून लसणाची छोटी फोडणी द्या. गुळाने मीठ घटत नाही, पण जिभेला ते कमी लागतं. सुक्या भाजीत ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट घाला, नाहीतर बेसन पेरून वाफ आणा.

'बिघडलं तर?' या धास्तीने नुकते स्वयंपाकाला लागलेले कितीतरी जण कृतीतल्या चमच्यापलीकडे जातच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मीठ आधी हात राखून घाला, उकळी आल्यावर चाखा, मग वाढवा. आमटी आटवायची असेल तर मीठ शेवटीच.