गॅस गिझर की विजेचा गिझर? मराठवाड्यातल्या घराचा हिशेब

मराठवाड्यात खोली तापवायची वेळ क्वचितच येते. परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा 5 अंशांच्या खाली गेला आहे, पण तिथेही लोक दोन गोधड्या, स्वेटर आणि अंगणातल्या शेकोटीवर भागवतात. हिवाळ्याचा खरा खर्च असतो आंघोळीच्या पाण्याचा. पऱ्हाटी आणि तुराट्यांवर तापणारा बंब आता कमी घरांत उरलाय. त्याच्या जागी काय बसवायचं हे ठरवताना बहुतेक जण दुकानात एकच प्रश्न विचारतात, स्वस्त काय पडेल? त्याआधी विचारायचे दोन-तीन प्रश्न आहेत, आणि त्यातल्या एकावर जीव अवलंबून आहे.

भिंतीवर दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात, पण काम वेगळं आहे. विजेच्या साठवण गिझरमध्ये 15 किंवा 25 लिटरची टाकी असते. 2 किलोवॅटची कॉईल ते पाणी हळूहळू तापवते आणि थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. गॅस गिझरमध्ये साठा नसतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, स्विच दबतो, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. तांब्याच्या नळीतून जाता जाता पाणी तापतं. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. विजेच्या 3 किलोवॅटच्या इन्स्टंट, म्हणजे साठा न करता वाहतं पाणी तापवणाऱ्या गिझरला हे जमत नाही. तो मिनिटाला 3 लिटर पाणी जेमतेम 14 अंशांनी तापवतो, त्यामुळे नळ बारीक ठेवावा लागतो. दोन्हींवर ‘इन्स्टंट’ लिहिलेलं असलं तरी हा फरक लक्षात ठेवा.

आता पैशाचं बघू. 20 लिटरची बादली 18 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट उष्णता लागते. टाकीतून वाया जाणारी धरली तर विजेवर साधारण 0.55 युनिट. तेच पाणी गॅसवर तापवायला 50 ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 280 बादल्या तापतात, चार माणसांच्या घरात सत्तर दिवस. तेवढ्याच बादल्यांना विजेचे सुमारे 155 युनिट लागतात. यातून एक सोपा भागाकार निघतो: सिलिंडरची किंमत भागिले 155. सिलिंडर 930 रुपयांना पडत असेल तर उत्तर येतं 6. तुमची वीज युनिटला 6 रुपयांपेक्षा महाग असेल तर गॅस स्वस्त, नाहीतर वीज स्वस्त.

हा भागाकार करताना विजेचा दर मात्र नीट काढा. बिलातला नुसता वीज आकार धरू नका. वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क मिळवा. शिवाय गिझरचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जातात. महिन्याला 80 युनिट जाळणाऱ्या घरात चार बादल्यांचे रोजचे मिळून महिन्याला 66 युनिट वाढतात. बेरीज 146. त्यातले पहिले 20 युनिट शंभराच्या आतल्या दरानं लागतात, उरलेले 46 वरच्या, 101 ते 300 च्या टप्प्यात. त्या टप्प्यातला दर पहिल्याच्या मानानं बराच चढा आहे. म्हणून आधीच शंभराच्या वर असलेल्या घराला बहुधा गॅसच स्वस्त पडतो, आणि शंभराच्या खूप आत असलेल्या घराला वीज.

बोअर असेल तर आणखी एक बचत होते. जमिनीखालचं पाणी थंडीतही कोमट, 25-26 अंशांच्या आसपास असतं. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत ते गारठतं. सकाळी मोटर लावून ताजं पाणी थेट घेतलं तर जिथे 22 अंश चढवायचे होते तिथे 14 पुरतात. गॅस असो वा वीज, एक तृतीयांश खर्च वाचतो.

गावाकडे आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत विजेचा खरा अडथळा दराचा नसून व्होल्टेजचा असतो. सकाळी सगळ्यांचे हीटर आणि मोटारी एकदम चालू होतात, डीपीवर ताण येतो. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं तर 2000 वॅटची कॉईल 1225 वॅटवर येते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर जायला 21 मिनिटं लागायची, तिथे 34 लागतात. युनिट तेवढेच जळतात, फक्त शाळेची वेळ चुकते.

गॅस गिझरची अडचण टाकीच्या उंचीची. आतला पडदा सरकायला पाण्याला दाब लागतो. बऱ्याच गिझरना तो पाण्याच्या दोन ते अडीच मीटर उंचीएवढा लागतो. एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी नुसती टेकवलेली असेल तर गिझरपर्यंत जेमतेम एक-दीड मीटर उंची मिळते. मग नळ पूर्ण सोडला तरी बर्नर पेटत नाही, किंवा पेटून विझतो. लोक सेल बदलत बसतात आणि दोष असतो टाकीच्या जागेत. खरेदीआधी टाकीचा तळ आणि गिझरची जागा यांतलं अंतर टेपनं मोजा. कमी असेल तर टाकी विटांच्या किंवा लोखंडी स्टँडवर उचला.

आता जिवाचा प्रश्न. एक किलो गॅस जळायला पंधरा किलोहून जास्त हवा लागते. 20 लिटरच्या एका बादलीमागे सुमारे 0.65 घनमीटर हवा खर्च होते. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर 5.4 घनमीटरचं. गिझर आत असेल, दार बंद असेल आणि थंडी आत येऊ नये म्हणून झरोक्यात पुठ्ठा कोंबलेला असेल, तर लागोपाठ चार आंघोळींत खोलीतल्या जवळपास अर्ध्या हवेएवढी हवा ज्योत खाते. त्याच्या बऱ्याच आधी प्राणवायू कमी पडून ज्वलन अर्धवट होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे नाक उपयोगाचं नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातली ताकद जाते. कडीपर्यंत हात पोचत नाही आणि आवाज देण्याचंही त्राण उरत नाही.

गिझरमधली ज्योत-सुरक्षा आणि वीस मिनिटांचा टायमर यांवर विसंबू नका. ज्योत विझली तर गॅस बंद करणं एवढंच त्या सुरक्षेचं काम. विषारी वायू तिला ओळखता येत नाही. आत लावलेल्या गिझरसाठी एक्झॉस्ट फॅन हाही खात्रीचा उपाय नाही. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा जळालेला वायूच खोलीत ओढून घेऊ शकतो. खरा उपाय एकच: गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या भिंतीवर किंवा मोकळ्या गॅलरीत टांगायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. पावसापासून वर पत्रा ठेवा, पण पेटी चारी बाजूंनी बंद करू नका. वस्तूवर आयएस 15558 या भारतीय मानकाचं चिन्ह बघा. सिलिंडर उभा ठेवा. ज्योत निळीच हवी. पिवळी दिसू लागली की वापर थांबवून बर्नर साफ करून घ्या. अशी बाहेरची भिंत तुमच्या घराला नसेल, भाड्याच्या खोलीत मधोमध न्हाणीघर असेल, तर गॅस कितीही स्वस्त पडो, घेऊ नका. आत कोणी बोलेनासं झालं तर दार फोडून आधी मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा.

विजेच्या गिझरचा धोका अर्थिंगमध्ये. स्वतंत्र 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्याला 16 चा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच हवा. पंख्याच्या बोर्डावरून काढलेल्या वायरीवर गिझर चालवला तर सॉकेट वितळतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू देऊ नका; उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. नव्या गिझरला, टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून धार आल्याशिवाय वीज देऊ नका. कोरडी कॉईल जळायला फार वेळ लागत नाही. सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब टपकतात म्हणून त्याला बूच मारू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटण्यापासून तोच वाचवतो.

उरला क्षार, आणि बीड, लातूर, धाराशिवच्या बोअरच्या पाण्यात तो भरपूर. विजेच्या गिझरमध्ये पांढरा थर कॉईलवर बसतो. कॉईल आतून जास्त तापते, गिझर कुरकुरल्यासारखा आवाज करतो आणि शेवटी ती फुटते. थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवला तर थर हळू साचतो, कारण 60 च्या वर तो झपाट्यानं बसतो. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी काढून बघा. अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदला, नाहीतर टाकीचा पत्रा गंजतो. गॅस गिझरमध्ये हाच थर तांब्याच्या बारीक नळीत साचतो. पाण्याची धार बारीक होत जाते, मग पडदा सरकत नाही आणि गिझर पेटत नाही. दिवाळीआधी गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून नळीत सायट्रिक अॅसिडचं पाणी, लिटरला 50 ग्रॅम, अर्धा तास भरून ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवून काढा. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळीही त्याच वेळी साफ करा.