किती इंच ते नंतर सांगा, आधी शेजारी कोण उभं राहणार ते सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही कॉम्प्युटरवरच्या फाईलवरून रेझिनच्या, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या, मूर्त्या प्रिंट करून रंगवतो. हा कागद छापायचं कारण एवढंच की रोज व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज येतो, "दादा, हॉबिट (तो गोष्टीतला बुटका) केवढ्याला?" आम्ही विचारतो केवढा हवाय, तर उत्तर येतं "नॉर्मल साईज". आता बुटक्याची नॉर्मल साईज काय असते हे तिथं टाईप करत बसलो तर रंगकाम कधी करणार, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. ऑर्डर द्यायच्या आधी पाच मिनिटं काढून वाचा, तुमचे आठ दिवस वाचतील आणि आमचेही.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. एका काकांनी मुलासाठी सहा इंची हॉबिट सांगितला. झाला. हातात ब्रश घेऊन शेवटचा हात मारतोय तेवढ्यात काकांचा फोन, त्याच्या जोडीला तो दाढीवाला जादूगार पण करा, तो पण सहा इंचीच, शोकेसचा कप्पा तेवढाच आहे. आम्ही घाईत हो म्हणालो आणि केला. न्यायला काका-काकू दोघं आले, आम्ही दोन्ही मूर्त्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या, काकूंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अहो, पण यातला बुटका कोणता?" खरंच की. दोघं डोक्याला डोकं, उलट हॉबिट अंगानं गुबगुबीत म्हणून तोच मोठा वाटत होता. काका आमच्याकडं बघतायत, आम्ही काकांकडं.

हिशोब असा. हॉबिट साडेतीन फुटांचा धरला तर तो 42 इंच, त्याचा सहा इंच केला म्हणजे सातास एक हे प्रमाण झालं. त्याच प्रमाणात सहा फुटी जादूगार सव्वादहा इंच होतो, टोपी वेगळी. आणि सहाचा सव्वादहा म्हणजे थोडंसंच वाढलं असं वाटतं पण उंचीबरोबर रुंदी आणि जाडी पण वाढते ना, रेझिन जवळजवळ पाचपट लागतं. जादूगार नवीन केला, खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला कारण न विचारण्यात आमची पण चूक होती, आणि त्या दिवसापासून आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, शेजारी कोण? काही लोकांना राग येतो की मी पैसे देतोय, तुम्हाला काय करायचंय शेजारी कोण आहे ते. पण ओ, शेजारी कोणीच नसेल तर बुटका हा बुटका दिसतच नाही. रिकाम्या बेसवर एकटा उभा केलेला ठेंगू आणि पहिलवान दोघं सारखेच. उंची ही शेजाऱ्यामुळं कळते.

ही आमची पदरची अक्कल नाही. हॉबिट ज्यांनी जन्माला घातले त्या टोल्कीन साहेबांना 1938 साली अमेरिकेच्या प्रकाशकानं विचारलं होतं की चित्रात हॉबिट कसा काढायचा. त्यांनी पोट, गोल चेहरा, कान, पाय सगळं सांगितलं आणि उंचीबद्दल सांगितलं ते हेच की चित्रात बाकीच्या वस्तू असतील तरच मापाला महत्त्व, आणि मग तीन ते साडेतीन फूट धरा. पुढं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या मोठ्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी दोन ते चार फूट असं दिलंय आणि हल्ली तीन फुटांपर्यंत क्वचितच पोचतात असंही म्हटलंय. त्यांच्यातल्या टूक घराण्यातला एक जुना पराक्रमी हॉबिट मात्र चार फूट पाच इंच होता म्हणे, घोड्यावर बसायचा, आणि त्याचं कौतुक पिढ्यानपिढ्या चालू. म्हणजे बघा, आपल्याकडं साडेचार फुटांच्या माणसाला लग्नाच्या बायोडेटात उंची लिहायची लाज वाटते आणि तिथं तो वीर.

तर फिगर हॉबिटची असेल आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर आम्ही साडेतीन फूट धरतो. पाय अनवाणी, पावलांवर कुरळे केस. बूट घालून मागू नका, दरवेळी कोणीतरी मागतंच. दाढी पण नाही. दाढी हवी असेल तर तुम्हाला हॉबिट नको, ड्वार्फ हवाय, आणि तिथं दुसरा घोळ सुरू होतो.

बरेच जण म्हणतात, "हॉबिटचीच फाईल थोडी मोठी करा आणि दाढी लावा, झाला ड्वार्फ." नाही होत. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा खेळ खेळणारी पोरं आमच्याकडं बरीच येतात, त्यांच्या 2014 च्या नियमपुस्तकात हाफलिंग, म्हणजे त्यांचा हॉबिटच, साधारण तीन फूट आणि चाळीस पौंड दिलाय, म्हणजे अठरा किलो. ड्वार्फ चार ते पाच फूट, पण वजन दीडशे पौंडांच्या आसपास, म्हणजे 68 किलो. उंची दीडपट आणि वजन पावणेचारपट. ड्वार्फ म्हणजे कोठारातली कणगी, खांदे रुंद, मान नाहीच. हाफलिंगला दाढी लावली तर गॅदरिंगमध्ये कापसाची दाढी लावलेलं पोरगं दिसतं.

तोच प्रकार डोक्याचा. इंटरनेटवरनं साध्या माणसाची फाईल उतरवून घेतात आणि म्हणतात ही निम्मी करून द्या. निम्मी केली की लांब उभा असलेला उंच माणूस मिळतो, बुटका नाही. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण साडेसातावा हिस्सा असतं, लहान मुलाचं त्याहून मोठं. बुटक्याला डोकं मोठं द्यावं लागतं, आम्ही पाचवा हिस्सा धरतो, पण मग ते लहान पोर दिसायला लागतं म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या, तळहात जाड, कंबरेला पट्ट्याच्या वर आलेलं पोट. ही कारागिरी आहे, आणि फाईलमध्ये हे बदल करायला एक दिवस जातो, त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो. कोणी म्हणतं पुण्यात फुकट करून देतात. करत असतील बापडे.

आता माप फक्त बाहेरच्यांचंच असतं असं नाही. आपल्या भाषेत तर मोजपट्टी हातातच आहे, वीतभर, टिचभर, अंगठ्याएवढा. पण ऑर्डर देताना तेवढ्यावर सोडू नका, वीत तुमची वेगळी आणि आमच्या रंगकाम करणाऱ्या भाच्याची वेगळी. गलिव्हरच्या गोष्टीतले लिलिपुटवाले घ्या, 1726 चं पुस्तक, तिथली माणसं सहा इंचांच्या आतली, घोडे-बैल चार ते पाच इंच, मेंढी दीड इंच आणि सगळ्यात उंच झाड सात फूट. सगळं बारास एक. म्हणूनच गलिव्हरला 1728 माणसांचं जेवण लावून दिलं होतं, बारा गुणिले बारा गुणिले बारा. डॉलहाऊसचं जे स्टँडर्ड सामान मिळतं ते पण बारास एकच असतं, म्हणजे लिलिपुटचा माणूस हा एकच ग्राहक असा आहे की त्याची सहा इंची मूर्ती म्हणजे खऱ्या मापाची मूर्ती, आणि बाहेरून आणलेली खुर्ची त्याला बरोबर बसते. ही ऑर्डर आम्हाला मनापासून आवडते, कोणी देत नाही.

उलट सगळ्यात अवघड काम आलं ते वालखिल्यांचं. एक सर आले, महाभारताचा नाद असलेले, त्यांना आदिपर्वातला गरुड हवा होता, पंजात हत्ती आणि कासव, चोचीत वडाची फांदी, आणि फांदीला उलटे लटकलेले वालखिल्य ऋषी. बेस नऊ इंच. वालखिल्य अंगठ्याच्या पेराएवढे, म्हणजे इंचभर. त्यांचीच गोष्ट ना, सगळ्यांनी मिळून पळसाची एक काडी वाहून नेताना गाईच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यातल्या पाण्यात अडकले आणि इंद्र हसला. आता साधा दहा फुटी हत्ती जरी धरला तरी तो पाच इंचांचा केल्यावर ऋषी एक मिलिमीटरचे होतात. आणि महाभारतातला तो हत्ती काय साधा, सहा योजनं उंच! सर म्हणाले ऋषींच्या दाढ्या दिसल्या पाहिजेत. शेवटी त्यांना समजावलं की शेजारी हत्ती ठेवायचा की ऋषींच्या दाढ्या बघायच्या, एकच काहीतरी. त्यांनी दाढ्या निवडल्या. मग आम्ही फक्त फांदीचा तुकडा केला, त्याला सात ऋषी आणि वर चोचीचं नुसतं टोक, चोच बेसच्या बाहेर जाते. ते पीस अजून काचेत ठेवलंय, सरांनी स्वतःसाठी एक नेलं आणि आम्ही सँपल म्हणून दुसरं केलं. येऊन बघा, त्या चोचीमुळंच गरुड केवढा असेल ते डोक्यात येतं.

गेमिंगवाल्यांसाठी थोडक्यात. 28 मिलिमीटर स्केल म्हणजे माणूस तळपायापासून डोळ्यापर्यंत 28, डोक्यापर्यंत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात तीन फुटी हाफलिंग खरा धरला तर पंधरा मिलिमीटरच्या आसपास येतो. आम्ही सतरा-अठरा करतो, हो, माप मुद्दाम वाढवतो आणि सांगून वाढवतो, कारण पंधरावर तलवारीचं पातं इतकं बारीक होतं की वॉशला, म्हणजे प्रिंट धुवायला, टाकलं तरी वाकतं, आणि भाचा भिंगाच्या दिव्याखाली श्वास रोखून डोळ्यात ठिपका देतो तो ठिपका गालावर जातो. कोणाला अगदी खरं मापच हवं असेल तर करून देतो, पण तुटलं तर बदलून मिळणार नाही.

लहान केलं म्हणून स्वस्त का नाही, हा पण प्रश्न येतो. सहाची तीन इंची केली तर रेझिन आठवा हिस्सा लागतं हे खरं, पण रेझिन हा खर्चातला छोटा भाग, वेळ रंगाला जातो आणि बारीक चेहऱ्याला वेळ कमी लागत नाही, जास्तच लागतो.

सिनेमाचे स्क्रीनशॉट पाठवून त्यावर पट्टी लावून माप काढू नका. पडद्यावर बुटका दिसणारा नट चांगला साडेपाच फुटांचा असतो, त्याला कॅमेऱ्यापासून लांब बसवून किंवा सेट दोन मापांचे बांधून तसं दाखवलेलं असतं, म्हणून एका सीनमध्ये तो जादूगाराच्या कंबरेला लागतो आणि दुसऱ्यात छातीला. चेहरा, कपडे, रंग यासाठी फोटो जरूर पाठवा.

आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी जे येतात त्यांना हात जोडून विनंती. साताऱ्यात गल्लीगल्लीत किल्ला होतो आणि दरवर्षी तेच, दरवाजा चार इंचांचा आणि मावळा पण चार इंचांचा, मग तो आत जाणार कसा, वाकून? हल्ली पोरं किल्ल्याच्या मागं बुटक्यांचं गाव पण करतात, गोल हिरवं दार आणि वर गवत, फार छान दिसतं, कासच्या पठाराची फुलं म्हणून मोहरीच्या रोपात रंगीत कागद खोचतात. पण मावळा तीन इंची असेल तर तुमचा साडेतीन फुटी बुटका दोन इंचांच्या जरा आतच बसतो आणि त्याचं दार सव्वादोन इंच. मावळा घरचा, जुना, मातीचा असला तरी चालेल, येताना एक खिशात घालून आणा. त्याच्या शेजारी लावूनच आम्ही माप घेतो, पंचवीस वर्षांपूर्वीचा नाक तुटलेला असला तरी. नाक पण लावून देऊ, ते फुकट.

ऑर्डर देताना काय सांगायचं ते एवढंच: शेजारी कोण आणि ते किती इंच, कप्प्याची उंची किती, आणि उंची टोपी-बेस धरून सांगताय की नुसती टाच ते डोकं. जोडी एकदम सांगितली तर दोन्हीचं प्रमाण आम्हीच जुळवतो आणि दुसऱ्या फिगरच्या रंगकामात सूट देतो, एकेक करून सांगितलं तर सूट नाही. निम्मा अ‍ॅडव्हान्स, प्रिंटच्या आधी पुठ्ठ्याचा कटआउट मूळ मापात देतो, तो घरी नेऊन शोकेसमध्ये उभा करून बघा, घरच्यांनाही दाखवा, काकूंना तर नक्की. कटआउट ओके म्हटल्यावर माप बदलत नाही.

घटस्थापनेपर्यंतच्या ऑर्डरी वसुबारसेच्या आधी मिळतील, त्यानंतरच्या तुळशीच्या लग्नानंतर. दुकान मंगळवारी बंद, दुपारी दोन ते चार प्रिंटरजवळ कोणी नसतं, तेव्हा फोन उचलला नाही तर रागावू नका.