शिक्षकांचं ऑनलाइन ट्रेनिंग, आणि ते करून घेणारा माणूस

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला की शिक्षकांचं ट्रेनिंग मोबाइलवरही होतं. पण आपल्याकडे हा उद्योग 50 वर्षं जुना आहे, तेव्हा त्याला ऑनलाइन म्हणत नव्हते इतकंच. अडचण तेव्हाही हीच होती, शिक्षक लाखांनी, त्यांना शिकवणारे मोजके, आणि सगळ्यांना एकदम ट्रेनिंगला बोलवावं तर शाळांना कुलूप.

सुरुवात 1 ऑगस्ट 1975 ला. नासाचा एटीएस-6 उपग्रह आपल्याला वर्षभर वापरायला मिळाला आणि इस्रोने 6 राज्यांतल्या जवळपास 2400 खेड्यांत टीव्ही नेला, साइट नावाचा प्रयोग. महाराष्ट्रातली खेडी त्यात नव्हती. या प्रयोगाचं नाव निघालं की लोक शेतीच्या कार्यक्रमांबद्दल बोलतात, पण त्यातच प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं ट्रेनिंगही झालं, दोन फेऱ्या मिळून 50 हजारांच्या आसपास शिक्षक! आणि नुसता टीव्ही लावून दिला नव्हता हो, जोडीला रेडिओ, छापील साहित्य, हाताने करून बघायचे प्रयोग, आणि ते करून घ्यायला केंद्रावर एक माणूस. हा माणूस लक्षात ठेवा.

कारण पुढच्या टप्प्यात तोच गायब झाला. 15 ऑगस्ट 1984 पासून यूजीसीने दूरदर्शनवर कॉलेजसाठी कंट्रीवाइड क्लासरूम सुरू केलं, पुणे विद्यापीठातलं ईएमआरसी हे शैक्षणिक कार्यक्रमांचं केंद्र त्यासाठी कार्यक्रम बनवायचं, कार्यक्रम चांगलेही असायचे, पण बहुतेक इंग्रजीत आणि शंका आली तर विचारायची कुणाला? टीव्हीलाच. त्यापेक्षा 1989 ला नाशिकला निघालेलं मुक्त विद्यापीठ मला जास्त शहाणं वाटतं. राम ताकवले पहिले कुलगुरू. नोकरी सांभाळून बीएड करणाऱ्या शिक्षकांना त्यांनी पुस्तकं अशी दिली की एकट्याने वाचून कळावीत, आणि वर अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं. म्हणजे माणूस परत आला.

2001 नंतर एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स गावोगाव पोचला. सरकारी नोकरीत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं, त्यामुळे कित्येक गुरुजींनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो वेतनवाढ अडकू नये म्हणून. हसण्यासारखं आहे, पण या सक्तीशिवाय पुढचं काहीच झालं नसतं असं माझं मत.

त्याच सुमारास तिकडे एमआयटीने आपलं कोर्सचं साहित्य फुकट खुलं करायचं जाहीर केलं, आणि 2003 पासून आपल्या आयआयटी आणि आयआयएस्सीने एनपीटेलची लेक्चर्स रेकॉर्ड करायला घेतली. खरं तर ती विद्यार्थ्यांसाठी, पण इंजिनिअरिंग कॉलेजातल्या नवख्या प्राध्यापकाला उद्याचं लेक्चर तयार करायला ती किती उपयोगी पडली हे कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा.

माझ्या मते या सगळ्यात सरस प्रयोग आयआयटी मुंबईचा. 2009 च्या केंद्र सरकारच्या आयसीटी मिशनमधून पैसा आला आणि दीपक फाटक सरांनी दहा हजार शिक्षकांना शिकवायचा प्रकल्प उभा केला. लेक्चर पवईतून लाइव्ह, शिक्षक देशभरच्या कॉलेजांतल्या केंद्रांवर बसलेले, आणि प्रत्येक केंद्राच्या को-ऑर्डिनेटरला आधी पवईला बोलवून वेगळं ट्रेनिंग, म्हणजे लेक्चर संपलं की लॅब आणि ट्युटोरिअल तो तिथे घेणार. बघा, 1975 चीच आयडिया, फक्त उपग्रहाऐवजी इंटरनेट. तिथलंच स्पोकन ट्युटोरियल वेगळ्या वाटेने गेलं, दहाएक मिनिटांचे व्हिडिओ, मराठीतसुद्धा.

मग 2017 ला सगळं एकदम आलं, जुलैत स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, शिक्षक दिनाला शाळांसाठीचं दीक्षा. आणि त्याच वर्षी शिक्षणहक्काच्या आरटीई कायद्यात दुरुस्ती होऊन अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 ची मुदत मिळाली, मग एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने स्वयमवरून डीएलएड हा प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा चालवला, 13 लाखांवर शिक्षकांनी नाव नोंदवलं. एवढ्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गाने बसवणार होते? पण कोर्स 18 महिन्यांचा का, 2 वर्षांचा का नाही, यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या त्या झाल्याच.

कॉलेजवाल्यांचंही तेच. 2018 ला अर्पित आलं, म्हणजे रिफ्रेशर घरबसल्या स्वयमवर, प्रमोशनला चालणारं.

शाळेकडे निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षकांचं ट्रेनिंग ऑगस्ट 2019 ला आधी समोरासमोर सुरू झालं, कोरोनामुळे ऑक्टोबर 2020 ला दीक्षावर गेलं, 18 मॉड्यूल, शेवटी क्विझ, मग सर्टिफिकेट. आता सर्टिफिकेट सक्तीचं आणि विचारायला समोर कुणी नाही म्हटल्यावर काय होणार, व्हिडिओ म्यूटवर चालू, एकीकडे स्वयंपाक, आणि क्विझची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मी शिक्षकांना नावं ठेवत नाही, जनगणना ते निवडणूक सगळं त्यांच्याच गळ्यात.

तरी केंद्रावरचा तो माणूस पूर्ण गेलेला नाही. आपल्याकडे त्याला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात, आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्यात बहुतेक ठिकाणी एखादा असतोच. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, संपली की चार जण मोबाइल घेऊन त्याच्याभोवती, "सर, माझं लॉगिनच होईना", आणि तो लॉगिन करून देता देता मॉड्यूलमध्ये नेमकं काय आहे तेही सांगून टाकतो.